शिडीची उंची आणि गल्लीची रुंदी

अग्निशमन सेवेच्या आधुनिकीकरणाची चर्चा भारतीय शहरांत बहुधा शिडीच्या उंचीपाशी येऊन थांबते. कर्नाटक राज्याच्या अग्निशमन व आपत्कालीन सेवा खात्याने फिनलंडच्या ब्रोंटो स्कायलिफ्ट कंपनीची ९० मीटर उंचीपर्यंत पोहोचणारी शिडी अलीकडच्या वर्षांत बेंगळुरूसाठी घेतली, मुंबई अग्निशमन दलाच्या ताफ्यात तशी शिडी त्याआधीच दाखल झाली होती, आणि दोन्ही वेळी वृत्तपत्रांतून तिची छायाचित्रे ठळकपणे छापली गेली. साधारण तीस मजल्यांपर्यंत पोहोचणारे असे साधन उत्तुंग इमारतींच्या शहराला हवेच, त्याबद्दल वाद नाही. मात्र अशी शिडी उभी करायची तर तिचे अवजड वाहन इमारतीपाशी न्यावे लागते, त्याचे आधारपाय दोन्ही बाजूंना पसरून भक्कम जमिनीवर टेकवावे लागतात आणि वर तारांचे जाळे नसावे लागते, आणि या तिन्ही अटी पुऱ्या होतील अशा जागा बेंगळुरूच्या शिवाजीनगरात थोड्याच आहेत. तेथील धोका उंचीचा कमी आणि रुंदीचा अधिक असल्यामुळे, भविष्यातील अग्निशमन सेवा कशी असावी या प्रश्नाचा विचार अशा वस्तीपासून सुरू केला तर त्याला वेगळीच उत्तरे मिळू लागतात.

हे शिवाजीनगर पुण्याचे नव्हे. १८०९ मध्ये इंग्रजांनी बेंगळुरूच्या जुन्या पेठेपासून दूर आपली लष्करी छावणी वसवली, तेव्हा छावणीला लागणारे व्यापारी, कारागीर, मजूर आणि नोकरचाकर यांची जी दाट वस्ती शेजारी उभी राहिली तिला ब्लॅकपल्ली म्हणत, आणि तीच पुढे शहाजीराजांच्या जहागिरीच्या या शहरात शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९४९ मध्ये छावणी आणि पेठ यांच्या दोन नगरपालिका एकत्र येऊन एक महानगरपालिका झाली, तरी रस्त्यांची आखणी छावणीकाळातलीच राहिली. १९२७ मधील रसेल मार्केट, सेंट मेरी बॅसिलिका, बोअरिंग रुग्णालय, बसस्थानक, कमर्शियल स्ट्रीटचा कापडबाजार आणि जुन्या वाहनांच्या सुट्या भागांची दुकाने असे सारे या एवढ्याशा भागात एकमेकांना खेटून आहे. येथील रस्त्याची वापरण्याजोगी रुंदीही स्थिर नसते. सप्टेंबरमध्ये सेंट मेरीच्या उत्सवाला लोटणारी गर्दी, रमझानच्या रात्री भरणारा खाद्यबाजार आणि दिवाळीआधीची खरेदी या काळात नकाशावरील रस्ता प्रत्यक्षात निम्माही उरत नाही.

२५ फेब्रुवारी २०१२ रोजी पहाटे रसेल मार्केटला आग लागली आणि शंभराहून अधिक दुकाने जळून गेली. बाजार बंद असल्यामुळे जीवितहानी टळली, पण हीच आग संध्याकाळच्या वर्दळीत लागली असती तर काय झाले असते, हे समजण्यासाठी फार कल्पनाशक्ती लागत नाही. राज्याच्या अग्निशमन खात्याचे मुख्यालय अल्सूर तलावासमोर, म्हणजे शिवाजीनगरापासून फार दूर नाही, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे, कारण केंद्र जवळ असणे आणि मदत वेळेवर मिळणे या दोन गोष्टी एक नसतात.

त्याचे कारण आगीच्या स्वभावातच आहे. बंद खोलीत एखादी वस्तू पेटली की गरम धूर वर जाऊन छताखाली साठतो, त्याच्या उष्णतेने खोलीतील इतर वस्तूंमधून ज्वलनशील वायू बाहेर पडू लागतात आणि एका टप्प्यावर संपूर्ण खोली जवळजवळ एकाच क्षणी पेट घेते. या टप्प्याला अग्निशास्त्रात फ्लॅशओव्हर म्हणतात, आणि त्यानंतर त्या खोलीत कोणी जिवंत राहण्याची शक्यता उरत नाही. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने जुन्या पद्धतीचे लाकूड-कापसाचे सामान आणि आजचे फोम-प्लॅस्टिकचे सामान भरलेल्या खोल्या पेटवून तुलना केली, तेव्हा जुन्या खोलीला या टप्प्यापर्यंत पोहोचायला सुमारे अर्धा तास लागला, तर नव्या खोलीला चार मिनिटांच्या आसपास वेळ पुरला. शिवाय अशा सामानाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असते, म्हणून आगीतील बळी पुष्कळदा ज्वाळांऐवजी धुराने जातात. भारतात केंद्र सरकारच्या स्थायी अग्निशमन सल्लागार मंडळाने शहरी भागासाठी पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागासाठी वीस मिनिटांत बंब पोहोचावा असा निकष ठेवला आहे. हा निकष तंतोतंत पाळला गेला तरी आजच्या घरातील आग तोवर आपला निर्णायक टप्पा ओलांडून गेलेली असू शकते. त्यात फोन लागण्याचा वेळ, पत्ता समजण्याचा वेळ, नाक्यावर अडकलेल्या बंबापासून गल्लीच्या टोकापर्यंत नळी अंथरण्याचा वेळ मिळवला म्हणजे सेवेच्या आधुनिकतेचे खरे मोजमाप कशात आहे ते कळते.

रस्त्यांची रुंदी हा आपत्कालीन सेवेचाच भाग आहे, ही जाणीव या परिसराला सव्वाशे वर्षांपूर्वी एकदा होऊन गेली आहे. १८९८ मध्ये बेंगळुरूत प्लेगची साथ आली, दाट वस्त्यांत ती झपाट्याने पसरली, आणि तिच्या धसक्यातून पेठेच्या बाजूला बसवनगुडी व मल्लेश्वरम् या वसाहती आखल्या गेल्या, तर ब्लॅकपल्लीची गर्दी कमी करण्यासाठी शेजारीच फ्रेझर टाउन वसवले गेले, ज्यात हवा खेळती राहावी म्हणून रस्ते रुंद ठेवले होते आणि घरांच्या मागून सफाईसाठी बोळ काढले होते. साथीने नवी वस्ती दिली, पण जुनी वस्ती होती तशीच राहिली. नगररचनेतील धडे नेहमी पुढच्या वस्तीला मिळतात आणि ज्या वस्तीने किंमत मोजली तिला क्वचितच मिळतात.

जुन्या वस्तीतील इमारतींची रचना आगीला विशेष सोयीची असते. तळमजल्यावर दुकान किंवा छोटा कारखाना, मधल्या मजल्यावर माल आणि वर कुटुंब, या तिन्हींसाठी मिळून एकच अरुंद जिना, असा तो नमुना आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळुरूच्याच जुन्या पेठेतील नगरथपेटेत अशाच एका इमारतीत आग लागून पाच जणांचा मृत्यू झाला. राष्ट्रीय बांधकाम संहिता, २०१६ मध्ये १५ मीटर वा त्याहून उंच इमारतीला बहुमजली मानून तिच्यावर कडक अटी घातल्या आहेत. परंतु शिवाजीनगरातील बहुसंख्य इमारती त्या उंचीच्या आत बसतात, आणि त्यामुळे जेथे माणसे व माल सर्वांत दाट आहेत तेथेच तपासणीची नजर सर्वांत कमी वेळा पडते. उंचीवर आधारलेली ही वर्गवारी आता अपुरी पडते आहे. इमारतीत झोपणारी माणसे किती, साठवलेला माल कोणता, बाहेर पडण्याचे मार्ग किती, वीजजोडणीवरचा भार किती आणि बंब किती अंतरापर्यंत येऊ शकतो, या गोष्टी एकत्र मोजून धोक्याची प्रतवारी ठरवणे, म्हणजेच जोखीमनिहाय तपासणी, हे आधुनिकीकरणाचे पहिले काम आहे, आणि त्याला शिडीच्या किमतीचा अगदी लहानसा अंश पुरेल.

उंच इमारती सुरक्षित आहेत असा याचा अर्थ नाही. २३ फेब्रुवारी २०१० रोजी जुन्या विमानतळ रस्त्यावरील कार्लटन टॉवर्स या कार्यालयीन इमारतीत विजेच्या तारांच्या उभ्या पोकळीतून धूर वरच्या मजल्यांवर भरला, सुटकेचे मार्ग बंद असल्याने लोक अडकले, काहींनी खिडक्यांतून उड्या मारल्या आणि नऊ जणांचे प्राण गेले. ती इमारत काही अरुंद गल्लीत नव्हती. तेथे माणसे गेली ती बंद दारांमुळे, आणि दार उघडे ठेवण्यासाठी कोणतेही यंत्र आयात करावे लागत नाही. या दुर्घटनेनंतर मृतांच्या कुटुंबीयांच्या पुढाकाराने बेंगळुरूत ‘बियाँड कार्लटन’ ही संस्था उभी राहिली आणि अग्निसुरक्षेचा प्रश्न नागरिकांच्या बाजूने सातत्याने मांडू लागली.

दार उघडे आहे की नाही हे पाहायचे कोणी, हा प्रश्न मात्र यंत्रांपेक्षा अवघड आहे, आणि येथे महाराष्ट्रातील वाचकाला कर्नाटकातील व्यवस्था थोडी अपरिचित वाटेल. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हे नगरपालिकांचे काम म्हणून नोंदवलेले आहे, आणि महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर यांची दले महापालिकांचीच आहेत. मुंबईचे दल तर १८८७ पासून पालिकेकडे आहे. कर्नाटकात मात्र १९६४ च्या कायद्यानुसार हे राज्य सरकारचे एकसंध खाते आहे. राज्यव्यापी खात्याचे फायदे उघड आहेत: प्रशिक्षण एकसारखे राहते, खेड्याजवळच्या तालुक्यालाही केंद्र मिळू शकते, आणि गरीब नगरपालिकेच्या तिजोरीवर तेथील लोकांचे प्राण अवलंबून राहत नाहीत. महाराष्ट्रात मुंबईचे दल आणि एखाद्या लहान नगरपरिषदेचा एकुलता बंब यांच्यातील अंतर पाहिले की या फायद्याचे मोल कळते. पण त्याच व्यवस्थेत दुकानाचा परवाना एक संस्था देते, बांधकामाचा नकाशा तीच मंजूर करते, वीज दुसरी कंपनी पुरवते, पाणी तिसरे मंडळ पुरवते आणि आग लागल्यावर चौथे खाते धावते. सप्टेंबर २०२५ मध्ये बेंगळुरू महापालिकेच्या जागी ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरणाखाली पाच महापालिका आल्या आणि शिवाजीनगर मध्य महापालिकेत गेले. परवाने देणारे हात वाढले, विझवणारा हात तोच राहिला.

कायदा चांगला असला तरी पुरत नाही, याचा पुरावा महाराष्ट्राने दुर्दैवाने दिला आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने परवानाप्राप्त संस्थेकडून यंत्रणा तपासून घेऊन दरवर्षी जानेवारी व जुलै अशा दोन वेळा ती चालू असल्याचे प्रमाणपत्र सादर करायचे असते, आणि कागदावर ही तरतूद देशातील उत्तम तरतुदींपैकी एक आहे. तरीही डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल्समधील उपाहारगृहांच्या आगीत १४ जण गेले, आणि २०२१ या एकाच वर्षात भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके, विरारच्या रुग्णालयात १५ रुग्ण आणि अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ११ रुग्ण आगीत दगावले. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला पैसे तपासणी करून घेणाराच देतो, अग्निशमन अधिकाऱ्यांची संख्या फेरतपासणीला पुरत नाही, आणि प्रमाणपत्रे जनतेला पाहता येतील अशी कोठे प्रसिद्ध होत नाहीत. या तीन फटी बुजल्याशिवाय प्रमाणपत्र हा केवळ कागद राहतो. रुग्णालयाच्या दारावर त्याच्या शेवटच्या अग्नितपासणीची तारीख ठळक लावणे सक्तीचे केले, तर रुग्णाचे नातेवाईक हेच तपासनीस होतील.

पैशाचा प्रश्न पूर्वीइतका निरुत्तर राहिलेला नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, ज्यात सर्वसाधारण राज्यांनी आपला २५ टक्के वाटा घालायचा आहे. या रकमेपैकी ५०० कोटी रुपये कायदेशीर व पायाभूत सुधारणा करणाऱ्या राज्यांना प्रोत्साहन म्हणून वेगळे ठेवले आहेत, आणि संपूर्ण योजनेत हाच भाग सर्वांत शहाणपणाचा म्हणावा लागेल, कारण त्यात यंत्रखरेदीपेक्षा व्यवस्थेच्या दुरुस्तीला बक्षीस आहे. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांसाठी नमुना विधेयकही पाठवले आहे. उरलेल्या निधीतून राज्ये काय विकत घेतात, यावर आता बरेच अवलंबून आहे.

शिवाजीनगरासारख्या भागासाठी खरेदीची यादी फार नाट्यमय नसते. मोठ्या बंबाऐवजी रिक्षाएवढ्या जागेतून जाणारी छोटी वाहने, पाण्याचे सूक्ष्म तुषार करून कमी पाण्यात उष्णता शोषणारी वॉटर मिस्ट उपकरणे बसवलेल्या मोटारसायकली, गल्लीच्या तोंडाशी दाब असलेले हायड्रंट आणि त्यांवर अतिक्रमण झाले की लगेच दिसेल अशी रंगीत आखणी, एवढ्याने पहिल्या पाच मिनिटांचे चित्र बदलते. हायड्रंट म्हणजे जमिनीखालच्या जलवाहिनीला जोडलेला, नळी थेट बसवता येईल असा नळ. तो कोरडा असेल तर बंबाला टाकीतील पाणी संपताच टँकरची वाट पाहावी लागते, आणि आपल्या शहरांत आग विझवण्यात टँकरला जे महत्त्व आले आहे ते प्रत्यक्षात हायड्रंटच्या दुरवस्थेचे माप आहे. ११२ या एकाच क्रमांकावर पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांना बोलावण्याची सोय कर्नाटकात व महाराष्ट्रातही झाली आहे. तिला स्थानाची अचूक माहिती आणि कोणत्या गल्लीत कोणते वाहन शिरते याचा नकाशा जोडला, शिवाय तो नकाशा उत्सवाच्या व बाजाराच्या वेळांप्रमाणे बदलता ठेवला, तर नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्याला योग्य वाहन पहिल्याच वेळी पाठवता येईल.

तरीही पहिल्या चार मिनिटांत गल्लीत जो माणूस असतो तो शेजारी, दुकानदार किंवा हमाल असतो. जपानने ही वस्तुस्थिती व्यवस्थेत सामावून घेतली आहे: तेथे व्यावसायिक अग्निशामकांबरोबरच शोबोदान नावाची स्थानिक स्वयंसेवकांची पथके असून त्यांत सात लाखांहून अधिक लोक आहेत, त्यांना उचलून नेता येणारे पंप, गणवेश, ठरावीक सराव आणि अपघात झाल्यास भरपाई मिळते. लोकसंख्या वृद्ध होत चालल्याने तेथे ही संख्या घटते आहे, ही त्या पद्धतीची आजची अडचण. भारताला तरुणांची वाण नाही. नागरी संरक्षण कायदा १९६८ पासून अस्तित्वात आहे, बाजारांच्या व्यापारी संघटना आहेत, मशिदी आणि चर्च यांची उत्सवकाळात गर्दी सांभाळणारी स्वयंसेवक मंडळे आहेत. त्यांच्यातील प्रत्येक गल्लीमागे चार-पाच जणांना मुख्य वीजपुरवठा तोडणे, सिलिंडर बाजूला करणे, अग्निशामक नळकांडे वापरणे, धुरातून माणसे वाकून बाहेर काढणे आणि बंबाला वाट मोकळी करून देणे इतके शिकवता येईल. रोज एकत्र वावरणाऱ्या आणि कोणत्या माडीवर अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे हे ठाऊक असणाऱ्या या लोकांची जागा कोणतीही संवेदक यंत्रणा घेऊ शकत नाही.

‘आपत्कालीन सेवा’ हे शब्द कर्नाटकाच्या खात्याच्या नावात आहेत, आणि ते केवळ शोभेसाठी राहू नयेत इतके कामाचे स्वरूप पालटले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये बेल्लंदूर व महादेवपुरा भागांत पुराच्या पाण्यातून रहिवाशांना होड्यांनी व ट्रॅक्टरांनी बाहेर काढावे लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये बाबुसापाळ्यात बांधकाम चालू असलेली इमारत पावसात कोसळून नऊ मजूर दगावले, आणि पुढच्याच महिन्यात राजाजीनगर परिसरातील विद्युत दुचाकींच्या विक्रीकेंद्रात लागलेल्या आगीत एका तरुण कर्मचारी महिलेचा मृत्यू झाला. या वाहनांतील लिथियम-आयन बॅटरीचा एक घटक अति तापला की शेजारच्या घटकाला तापवतो, ही साखळी थर्मल रनअवे म्हणून ओळखली जाते. तिला बाहेरून प्राणवायू तोडून फारसा उपयोग होत नाही, विषारी वायू सुटतात, आणि वरवर विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. एकाच जिन्याच्या इमारतीत त्या जिन्याखालीच दुचाकी चार्ज होत असेल, तर सुटकेचा एकमेव मार्ग हाच आगीचा उगम ठरतो. पुढील दशकात जुन्या वस्त्यांना भेडसावणारा सर्वांत मोठा नवा धोका बहुधा हाच असेल, आणि त्यावर सामायिक, उघड्यावरील चार्जिंगची सोय हा उपाय अग्निशमन खात्यापेक्षा वीज कंपनी आणि महापालिका यांच्या हातात आहे.

शिवाजीनगराच्या पोटात आणखी एक नवी गोष्ट येत आहे. कालेन अग्रहार ते नागवारा या मेट्रोच्या गुलाबी मार्गिकेचा मधला भाग भुयारी असून, ‘ऊर्जा’ नावाचे बोगदा खोदणारे यंत्र २०२१ मध्ये कंटोन्मेंटकडून खोदत शिवाजीनगरला बाहेर पडले. भुयारी स्थानकात धूर आणि माणसे दोन्ही वरच्याच दिशेने जातात, म्हणून पंख्यांनी धूर एका बाजूला ढकलून माणसांना दुसऱ्या बाजूने काढण्याची रचना तेथे मुळातच करावी लागते. दक्षिण कोरियातील देगू शहरात फेब्रुवारी २००३ मध्ये भुयारी रेल्वेच्या डब्यात एका माणसाने आग लावली, शेजारच्या रुळावर आलेली दुसरी गाडी तेथेच थांबली, डब्यांची दारे बंद राहिली आणि १९२ जण मृत्युमुखी पडले. नियंत्रण कक्ष आणि चालक यांच्यातील संवादाचा गोंधळ त्यास मोठ्या प्रमाणात कारणीभूत होता. म्हणून स्थानक सुरू होण्यापूर्वी मेट्रो, अग्निशमन खाते, पोलीस आणि शेजारचे बोअरिंग रुग्णालय यांनी रात्रीच्या वेळी संयुक्त सराव करणे, भूमिगत चालणारी बिनतारी यंत्रणा सर्वांची एकच असणे आणि वरच्या अरुंद रस्त्यावर स्थानकाच्या दारांपाशी वाहनतळ न होऊ देणे या गोष्टी यंत्रसामग्रीइतक्याच अत्यावश्यक आहेत.

हे सारे करणाऱ्या माणसांकडे आधुनिकीकरणाच्या आराखड्यांत सर्वांत शेवटी लक्ष जाते. ९ मे २०१५ रोजी मुंबईच्या काळबादेवीतील गोकुळ निवास या जुन्या लाकडी चौकटीच्या इमारतीची आग विझवताना इमारत कोसळली आणि तीत दलाचे चार अधिकारी गेले, ज्यांत मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर हेही होते; काळबादेवीची ती गल्ली आणि शिवाजीनगरातील गल्ली यांच्यात फरक फारसा नाही. अशा इमारतींची संरचना आधीच नोंदवलेली असेल, तर आत शिरायचे की बाहेरूनच लढायचे हा निर्णय घटनास्थळी अंदाजाने घ्यावा लागत नाही. जवानांना दिसणाऱ्या धोक्यांखेरीज न दिसणारा धोकाही आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या व्यवसायातील संपर्काला माणसांत कर्करोग निर्माण करणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात घातले. काजळी गणवेशाला चिकटून केंद्रात येते, तेथून जवानाच्या अंथरुणात आणि पुढे घरापर्यंत जाते. त्यावरचे उपाय साधे आहेत: प्रत्येक जवानाला गणवेशाचा दुसरा जोड, केंद्रात वेगळे धुलाईयंत्र, घटनास्थळीच कपड्यांवरची काजळी धुण्याची सोय, आग विझल्यानंतर ढिगारा उपसतानाही श्वसनसंच न काढण्याची शिस्त आणि निवृत्तीनंतरही चालू राहणारी वार्षिक आरोग्य तपासणी.